उष्णता सोडायची कुठे? खानदेशात गेमिंग लॅपटॉपचं घरगुती वॉटर कूलिंग

लॅपटॉपबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर एक ओळ असते : वापराच्या वेळी हवेचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असावं. बहुतेक कंपन्यांचा आकडा हाच, किंवा याच्या अगदी जवळचा. जळगाव-भुसावळकडे एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत हा आकडा दिवसभरात क्वचितच पाळला जातो. दुपारी पारा ४२-४३ वर असतो आणि मेमध्ये ४५ ओलांडतो. धुळं एखाद-दोन अंशांनी सौम्य, एवढंच. जुन्या धाब्याच्या घरात दुपार निभावायची. आता सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. खेळायला किंवा काम करायला निवांत वेळ मिळतो तो नेमका याच तासांत.

आणि हा प्रश्न फक्त खेळणाऱ्यांचा नाही. बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं त्रिमिती आरेखनासाठी हेच लॅपटॉप घेतात. लग्नाच्या चित्रफिती संपादित करणारे आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ बनवणारे यांचाही भरवसा ग्राफिक कार्डवाल्या लॅपटॉपवरच असतो. लग्नसराई आणि कडक ऊन एकाच वेळी येतात, त्यामुळे यंत्रावरचा सगळ्यात जास्त भार सगळ्यात वाईट हवेत पडतो. म्हणूनच घरच्या घरी पाण्याचं कूलिंग जोडण्याची कल्पना इथल्या तरुणांना खुणावते. ती किती खरी, किती फसवी, आणि इथल्या हवेत कशी करावी, याचा हा आढावा.

आधी आत काय होतं ते पाहू. या वर्गातला प्रोसेसर साधारण ४५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण जोरात असताना काही क्षण त्याच्या दुपटीहून जास्त वीज खातो. ग्राफिक चिप ६० ते ११५ वॉट घेते. खेळ चालू असताना दोन्ही मिळून १५० वॉट धरले तर फारशी चूक होत नाही. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. चिपचं तापमान हे खोलीच्या तापमानावर चढवलेला मजला असतं. २५ अंशांच्या खोलीत चिप ८५ वर असेल, तर ४० अंशांच्या खोलीत त्याच भाराला ती १०० वर जाते. पुण्यात सुरळीत चालणारा लॅपटॉप मे महिन्यात जळगावला आणला की अडखळतो, त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

लॅपटॉपमध्ये द्रवाचं कूलिंग मुळातच असतं, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. चिपपासून पंख्याकडे जाणाऱ्या चपट्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. हवा काढून घेतलेल्या त्या नळीत थोडंसं पाणी असतं. चिपच्या टोकाला त्याची वाफ होते, ती पंख्याच्या टोकाला जाऊन थंडावते, आणि नळीच्या आतल्या जाळीतून पाणी पुन्हा मागे येतं. पंप नाही, वीज नाही. जॉर्ज ग्रोव्हर यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९६३ मध्ये या हीट पाइपला आजचं रूप दिलं. म्हणजे घरगुती प्रयोग करणारा माणूस लॅपटॉपला पाणी शिकवत नसतो, तो आधीच्या साखळीला आणखी एक कडी जोडत असतो.

मोठ्या यंत्रांनी ही कडी फार पूर्वीच जोडली. १९८५ च्या क्रे-२ महासंगणकात तर सगळे सर्किट बोर्ड वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ पासून थेट चिपवरून पाणी फिरवून थंड ठेवला जातो. लॅपटॉपमध्ये हिताचीने २००२ मध्ये पाणी फिरवणारं मॉडेल काढलं, तेव्हा हेतू पंख्याचा आवाज घालवण्याचा होता. २०१५ मध्ये असुसने जीएक्स७०० दाखवला : मागे सुटकेसएवढं कूलिंगचं खोकं, घरी असताना ते जोडायचं, बाहेर जाताना काढून ठेवायचं. २०२२ मध्ये जर्मनीच्या एक्सएमजीने हीच कल्पना लहान केली. लॅपटॉपच्या मागे दोन तोंडांचा चुंबकी सांधा आणि त्याला बाहेरच्या लहान डब्यातून येणाऱ्या दोन नळ्या. असुस काय किंवा एक्सएमजी काय, लॅपटॉपच्या आत त्यांनी थोडीशीच भर घातली. मुख्य उष्णता सोडण्याचं काम त्यांनी बाहेर ठेवलं. घरगुती प्रयोगाने घ्यायचा धडा हाच आहे.

उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. सारख्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. मिनिटाला फक्त एक लिटर पाणी फिरवलं तरी १५० वॉट उचलताना ते जेमतेम दोन अंशांनी तापतं. त्यामुळे मोठ्या पंपाची गरज नसते. अशा प्रयोगांच्या व्हिडिओंमध्ये सगळा भर पंप, ब्लॉक (चिपजवळ बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) आणि रंगीत नळ्यांवर असतो, पण खरा प्रश्न पुढचा आहे. त्या पाण्याने ती उष्णता सोडायची कुठे?

नेहमीचं उत्तर आहे रेडिएटर. जुन्या गाडीच्या हीटरचा गाभा किंवा मोटारसायकलचा रेडिएटर भंगारात मिळतो, त्यावर १२ व्होल्टचा पंखा बसवला की झालं. युरोपात हे उत्तम चालतं. पण रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही, उलट त्याहून आठ-दहा अंश वरच राहतं. खोली ४० वर असेल तर पाणी ४८-५०. लॅपटॉपच्या स्वतःच्या बारीक पात्यांपेक्षा रेडिएटर मोठा, म्हणून फायदा होतो, हे खरं. पण एवढ्या खटपटीच्या मानाने तो थोडा आहे, आणि खानदेशात कोरड्या रेडिएटरवर थांबणं मला चुकीचं वाटतं.

दुसरं उत्तर बर्फ. बादलीत पाणी, त्यात गोठवलेल्या बाटल्या. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी १५० वॉटचा लॅपटॉप ३७ मिनिटांत तयार करतो. संध्याकाळभर खेळायचं तर फ्रिज दुसऱ्या कशाला उरणार नाही. त्याहून मोठा धोका दवाचा. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा २८ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरली, तर दवबिंदू २२ अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड नळी लॅपटॉपच्या पोटात असेल तर तिला घाम फुटतो, आणि तो मदरबोर्डवर ठिबकतो. बर्फाच्या प्रयोगात सांधा एकदाही न गळता लॅपटॉप जळू शकतो, तो असा.

वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या पेल्टियर तुकड्यांबद्दल थोडक्यात : नको. ते जेवढी उष्णता उचलतात जवळपास तेवढीच स्वतःची भर घालतात, आणि एकूण दुप्पट उष्णता सोडण्याचा प्रश्न पुन्हा आपल्याच गळ्यात येतो.

मग इथल्या हवेत काय चालेल? याचं उत्तर भुसावळजवळ दीपनगरला उभं आहे. औष्णिक वीज केंद्राचे ५०० मेगावॉटचे संच याच ४५ अंशांच्या हवेत चालतात, आणि त्यांची वाया जाणारी उष्णता शीतकरण मनोरे हवेत सोडतात. मनोऱ्यात पाणी पडद्यांवरून खाली पडतं, त्यातला थोडा अंश वाफ होऊन उडतो आणि उरलेलं पाणी गार होतं. आपल्या खिडकीतल्या कूलरमध्ये हेच घडतं. खानदेशची उन्हाळी हवा विलक्षण कोरडी असते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने पाणी साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. चाळीसच्या वर पारा असताना फुकट मिळणारं २३-२४ अंशांचं पाणी ही इथल्या उन्हाळ्याने दिलेली सवलत आहे. मुंबईला ती नाही. तिथली हवा ३३ अंशांचीच, पण इतकी दमट की बाष्पीभवनाने पाणी गार होऊन होऊन २८ च्या आसपास थांबतं. शिवाय असं पाणी ज्या हवेत गार झालं तिच्या दवबिंदूच्या खाली कधीच जात नाही, त्यामुळे त्याच हवेत घामाची भीती नाही.

दीपनगरची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तिथे पाणी दोन वेगळ्या फेऱ्यांत फिरतं. बॉयलर-टर्बाइनमधलं शुद्ध केलेलं पाणी एका बंद फेरीत, मनोऱ्यातलं साधं पाणी दुसऱ्या. दोघांची गाठ कंडेन्सरमध्ये पडते, पण मध्ये धातूची भिंत असते. घरगुती कूलिंगलाही हीच रचना हवी. कूलरच्या टाकीतलं पाणी सरळ लॅपटॉपमधून फिरवणारे लोक दोन महिन्यांत पस्तावतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो तो आपण दरवर्षी पाहतो. तोच थर ब्लॉकच्या बारीक वाटांत बसला की प्रवाह बंद.

म्हणून आतली फेरी डिस्टिल्ड पाण्याची, म्हणजे बॅटरीत घालतात त्याची, आणि तिची उष्णता बाहेरच्या पाण्यात सोडायला तांब्याच्या नळीचं वेटोळं. पाव इंची तांब्याची नळी फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. तीन मीटर नळी वळवून पाण्यात बुडवली तर १५० वॉटसाठी आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा साधारण पाच-सात अंश वर राहतं. टाकीत २४ अंश असेल तर आत ३०. रेडिएटरच्या ४८-५० शी ही तुलना करून पाहा.

वेटोळं कुठे बुडवायचं, यात मात्र मतभेदाला जागा आहे. कूलरची टाकी सगळ्यात गार. कूलर तासाला कित्येक लिटर पाणी उडवतो. लॅपटॉपचे १५० वॉट उडवायला तासाला पाव लिटरही लागत नाही, त्यामुळे कूलरला ही भर जाणवतसुद्धा नाही. पण त्याच टाकीत २३० व्होल्टची मोटर बुडलेली असते. पत्र्याच्या कूलरचा झटका बसून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. मोटरचं इन्सुलेशन फाटलं तर टाकीतलं पाणी, त्यातलं तांब्याचं वेटोळं आणि त्याला जोडलेलं सगळं धोक्यात येतं. घरात नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी स्विच नसेल, तर कूलरच्या टाकीत वेटोळं टाकू नये. इथे तडजोड नाही.

मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक पटतो : वापरायच्या पाण्याचा ड्रम. जळगाव असो की धुळे, नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी २०० लिटरचा ड्रम भरलेला असतोच. दहा लिटरची बादली १५० वॉटने तासाला १३ अंश तापते, म्हणून ती कुचकामी. २०० लिटरचा ड्रम तासाला पाऊण अंशही तापत नाही. पाच तास खेळलं तरी तीन-साडेतीन अंश, आणि रात्री झाकण थोडं उघडं ठेवून त्यावर जाळी बांधली की बाष्पीभवनाने ते उतरतं. पंखा नाही, पाण्यात वीज नाही. सावलीतल्या ड्रमचं पाणी मेमध्येही साधारण तिशीच्या आसपास असतं. कूलरच्या टाकीपेक्षा काही अंश गरम, पण रेडिएटरपेक्षा कितीतरी बरं. अट एकच : आतल्या फेरीत गाडीचं कूलंट घालायचं नाही. त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे, आणि वेटोळं गळलं तर ते घरच्या पाण्यात उतरेल. पिण्याच्या पाण्याच्या जवळपास तर हा प्रयोग नकोच.

माठाचाही विचार पुष्कळांच्या डोक्यात येतो. माठ गार असतो, पण त्याची ताकद कमी. दिवसभरात त्यातून एक लिटर पाणी पाझरून उडालं तर सरासरी जेमतेम २८ वॉट उष्णता जाते. एवढ्यावर लॅपटॉप निभावत नाही.

आता लॅपटॉपच्या बाजूचं काम. इथे हाताला सवय नसेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या जाणत्या दुरुस्ती कारागिराला बरोबर घ्यावं. खालचं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. त्यानंतर चिप आणि पंखा यांच्या मधल्या भागात, मूळ हीट पाइपच्या पाठीवर, चपटी केलेली तांब्याची नळी किंवा पातळ तांब्याचा ब्लॉक उष्णतावाहक चिकट लेपाने बसवायचा. मूळ हीट पाइप काढायचे नाहीत आणि त्यांवर गॅसची ज्योत कधीच धरायची नाही. आत कोंडलेलं पाणी आहे, ते उकळून नळी फुगते किंवा फुटते. मूळ पंखेही तसेच राहू द्यावेत. मेमरी, वीज पुरवणारे घटक आणि एसएसडी यांना त्याच पंख्याच्या हवेचा आधार असतो. चिप ७० वर आणून शेजारचे घटक भाजणारे प्रयोग पुष्कळ होतात. असं काम केल्यावर कंपनीची वॉरंटी राहील असं धरू नये, म्हणून नव्या यंत्रावर हे करण्याच्या मी विरोधात आहे.

बाजारात ॲल्युमिनियमचे चौकोनी ब्लॉक तांब्यापेक्षा स्वस्त मिळतात, पण ते तांब्याच्या वेटोळ्याबरोबर एकाच पाण्यात ठेवले की ॲल्युमिनियम झिजू लागतं. एकतर सगळं तांबं-पितळ, नाहीतर सगळं ॲल्युमिनियम. जोडायला जाड भिंतीची सिलिकॉनची नळी चांगली. ठिबकचं माहेरघर असलेल्या जळगावात पाइप आणि सांध्यांना तोटा नाही, आणि ठिबकची बारीक काळी मायक्रोट्यूब स्वस्तही पडते, पण ती ताठ असते. लॅपटॉपजवळच्या वळणांना ती सांध्यावर ताण देते. ड्रमपर्यंतच्या सरळ लांबीला चालेल. काळ्या नळीचा एक फायदा खरा : उजेड आत जात नाही, शेवाळ धरत नाही.

पंप १२ व्होल्टचा, तीन मीटर हेडचा, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवू शकणारा, वेगळ्या ॲडॅप्टरवर. त्याची जागा मात्र विचार करून ठरवावी. डिस्टिल्ड पाण्याचा लहान डबा जमिनीवर, लॅपटॉप टेबलावर. पाणी डब्यातून वेटोळ्यात, तिथून लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपमधून खाली पंपात आणि पंपातून परत डब्यात. पंप ओढतो आहे, ढकलत नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या उंचीवर नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. सांधा सैल झाला तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि डब्यात बुडबुडे दिसतात. सुरुवातीला फेरी पाण्याने पूर्ण भरून घ्यावी लागते, एवढाच त्रास. लॅपटॉपला जोडण्याआधी ब्लॉक कागदावर ठेवून फेरी एक दिवस-रात्र चालवावी आणि कागद कोरडा राहिला तरच पुढे जावं. वीज गेली की पंप थांबतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. मूळ हीट पाइप आणि पंखे शाबूत असतील तर काही बिघडत नाही. ते काढू नका म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

एवढं सगळं करण्याआधी काही साधी कामं करून पाहावीत, आणि माझ्या मते निम्म्या लोकांचं काम तिथेच भागेल. आपल्याकडचा फुफाटा आणि जिनिंगच्या आसपासच्या घरांत उडणारी कापसाची रू पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी बसते. ती वर्षातून दोनदा काढावी. वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलावी. खेळात फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी, म्हणजे ग्राफिक चिप विनाकारण पूर्ण जोरात धावत नाही. आणि कूलर असेल तर त्याची हवा टेबलाच्या दिशेने, पण तुषार उडत नाहीत इतक्या अंतरावरून घ्यावी. ४० अंशांची खोली २८ ची झाली की चिपही साधारण बारा अंशांनी उतरते, एकही स्क्रू न उघडता. हे करूनही ज्याचं काम अडतं, ज्याचा लॅपटॉप एकाच टेबलावर राहतो आणि ज्याला स्वतः जोडण्याची हौस आहे, त्याने वेटोळ्याकडे वळावं.

ऋतू बदलला की हिशेबही बदलतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की हवा दमट होते. खोली ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर बाष्पीभवनाने पाणी २७ च्या खाली जात नाही. पण हवाच ३० ची झालेली असते, त्यामुळे फार गार पाण्याची निकडही उरत नाही. कूलर बंद करून ठेवायचा काळ तो, टाकीत पाणी साठू दिलं तर डास होतात. वेटोळ्यावरचा पांढरा थर लिंबूसत्वाच्या पाण्याने उतरवायची वेळही हीच. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा रात्री एक आकडी होतो, तेव्हा लॅपटॉपला त्याचे स्वतःचे पंखे पुरतात. फेरी रिकामी करावी, नळ्या फुंकून कोरड्या कराव्यात आणि दोन्ही तोंडं बुचाने बंद करून ठेवावीत. होळी झाली की नवं डिस्टिल्ड पाणी भरायचं, आणि कागदावरची गळतीची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.